तात्या परातीत शू करतोय, आणि ती गुलाबी आहे

सुईदोरा
सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत राहते, घरीच ब्लाउज शिवते. आमचा बोका तात्या. वय चार, वजन सहा किलो दोनशे, ऑपरेशन झालेलं. पिल्लू होता तेव्हापासूनच भित्रा. कुकरची शिट्टी झाली की हा मशीनच्या पायट्यामागे. पाहुणे आले की कपाटावर, आणि ते गेल्यावर तासाभराने खाली उतरणार, तेही आधी दाराकडे बघून. पण शी-शूच्या बाबतीत शहाणा. चार वर्षांत एक थेंब ट्रेबाहेर नाही.

दीड महिन्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या अस्तराच्या गठ्ठ्यावर शू केली. मी ओरडले, हातातली फूटपट्टी जमिनीवर आपटली. आदल्या दिवशी त्याला मी मशीनवरून ढकललं होतं, तेव्हा मनात आलं, सूड घेतोय मेला. दोन मीटर अस्तर माझ्या पदरचं गेलं. मग गादी. मग न्हाणीतल्या कडप्प्यावर. आणि एक दिवस सकाळी कणकेची परात ओट्यावर उघडी राहिली होती, तिच्यात चमचाभर पाणी. कुंकवाचं बोट बुडवल्यासारखं गुलाबी. स्टीलची परात म्हणून दिसलं तरी, अस्तरावर कळलंच नसतं, ते लाल होतं.

डॉक्टरांकडे नेलं. लघवी न तपासताच इन्फेक्शन म्हणाले, इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या. चौथ्या दिवशी एकदम बरा. मी त्यांना पेढे द्यायचे तेवढे ठेवले होते. तीन आठवड्यांनी परत तेच. आता दिवसातून दहा-बारा वेळा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, थेंब दोन थेंब, मग तिथेच बसून चाटत राहतो. माणसांना उन्हाळी लागते ना, तसं दिसतंय.

शेजारचा जुना वाडा पाडायचं काम दोन महिने चालू आहे. सकाळी नऊ ते सहा ब्रेकर. माझाच जीव उडतो, तर त्याचं काय होत असेल. कामवाल्यांना काय सांगणार, आमच्या मांजराला त्रास होतो म्हणून? हसतील. बहीण म्हणते काम संपेपर्यंत त्याला कराडला तिच्याकडे ठेव. ठेवू का? खाणं पूर्ण कोरडं, पाणी फार कमी पितो. ट्रे मागच्या पडवीत आहे, पहिल्यापासून तिथेच.


गावभागकर
सोमवार, रात्री ११:३२

ताई, बाकी सगळं राहू द्या, आधी एक सांगा. थेंब दोन थेंब का होईना, येतंय ना? का नुसता बसतोय? बोक्याची लघवीची नळी लय बारीक असती. सुजली, नाहीतर आत चिकट गोळा अडकला की बंद. मांजरीला शक्यतो असं होत न्हाई, बोक्याला होतं.

मी शिकलोय ते किंमत मोजून. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत पूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही गावभागातनं बोक्याला पिशवीत घालून मिरजेला मेहुण्याकडं गेलो. एका खोलीत अकरा माणसं, त्यांचा एक कुत्रा, आणि हा पलंगाखाली. दीड दिवस शू न्हाई. आम्हाला वाटलं घाबरलाय, पाणी प्यायला न्हाई, म्हणून न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारी उलटी केली आणि मान टाकली. पोट हातानं बघितलं तर लिंबाएवढं टणक. रस्ते बंद, डॉक्टर शोधायला तीन तास. गुंगी देऊन नळी घातली, तीन दिवस सलाईन. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं, असं त्या डॉक्टरांनी सांगितलं. वाचला, पण अजून काही तासांचाच खेळ होता.

तर लघवी अजिबात बंद झाली, किंवा उलट्या सुरू झाल्या, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी उठवा डॉक्टरला. सकाळची वाट बघू नका.


सुईदोरा
सोमवार, रात्री ११:४७

येतंय हो. आत्ता जाऊन बघितलं, ट्रेमधल्या भुश्यात रुपयाएवढे दोन ओले गोळे आहेत. पण तुमचं वाचून हातपाय गार पडले. आज मी काही झोपत नाही.


कराडची_मावशी
मंगळवार, सकाळी ६:१५

अगं बाई, एवढी घाबरू नकोस. उष्णता झालीय त्याला. रात्री धने-जिरे भिजत घाल, सकाळी गाळून ते पाणी दे. गार दूध दे. कळ फारच येत असेल तर तापाची गोळी असते ना आपली, तिचा पाव तुकडा. आमच्या कुत्र्याला द्यायचो आम्ही. आणि आण इकडं कराडला, हवापालट होईल त्याला.


शिरवळ_इंटर्न
मंगळवार, सकाळी ७:४०

मावशी, तापाची गोळी अजिबात नको!! पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. एका गोळीत मांजर जातं, पाव तुकडासुद्धा विषच. कृपा करून तेवढी ओळ काढून टाका, कुणी घाईत वाचेल. धने-जिऱ्याने अपाय नाही, पण मांजर ते पिणार नाही. दुधाने बहुतेक मोठ्या मांजरांना जुलाब होतात.

काकू, मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप करतोय, म्हणजे अजून पूर्ण डॉक्टर नाही. तुम्ही सांगताय त्यावरून मला वाटतं ते सांगतो. तपासणीला हा पर्याय नाही.

दहा वर्षांखालच्या मांजरांमध्ये अशी लक्षणं दिसली तर निम्म्याहून जास्त वेळा ना जंतू सापडतात ना खडा. मूत्राशयाला सूज असते, रक्त येतं, आग होते, पण लघवीत जंतू नाहीत. मूत्राशयाच्या आतून एक बुळबुळीत थर असतो, तो या मांजरांत विरळ झालेला असतो. घट्ट लघवी थेट खालच्या नसांना झोंबते. त्यात मांजर भेदरलेलं असेल तर त्याच नसा आणखी चेतवल्या जातात. म्हणजे भीती डोक्यात, आणि आग मूत्राशयात. ताण म्हणजे मनाचे खेळ, असं इथे समजू नका. सूज खरी असते, रक्त खरं असतं.

आणि हा त्रास बहुतेक वेळा पाच-सात दिवसांत आपोआप ओसरतो. तुमच्या गोळ्यांनी चौथ्या दिवशी बरं वाटलं, ते गोळ्यांनी होतं की दिवस भरले म्हणून, हे सांगणं अवघड आहे. म्हणून परत नेलंत तर सुईने थेट मूत्राशयातून लघवी घेऊन तपासणी आणि सोनोग्राफी मागा. खडा असेल तर वेगळी गोष्ट. आणि त्याला दुखतंय, तेव्हा मांजराला चालणारं वेदनाशामक मागा. आपण ते विसरतो.

सूड वगैरे काही नाही. ट्रेमध्ये बसलं की दुखतं, म्हणून ट्रे नकोसा होतो. मग ते गार, गुळगुळीत जागा शोधतं. कडप्पा, परात, बेसिन. ओरडू नका त्याला.

कराडला नेऊ नका असं माझं मत. अमेरिकेत ओहायोमध्ये बफिंग्टन नावाच्या प्राध्यापकांच्या गटाने ७७ आठवडे मांजरांवर रोज लक्ष ठेवलं होतं. नेहमीचा सांभाळणारा माणूस बदलला, खाण्याची वेळ बदलली, एवढ्याने निरोगी मांजरंसुद्धा उलट्या करायची, ट्रेबाहेर शू करायची. तात्याला ब्रेकर नको आहे हे खरं, पण नवं घर त्याहून नको असेल.

दोन गोष्टी आजच करा. पाणी वाढवा. सहा किलोच्या मांजराच्या पोटात खाण्यापिण्यातून मिळून दिवसाला साधारण ३०० मिली पाणी जायला हवं. कोरड्या खाण्यात शेकडा दहाच पाणी असतं, पाऊचमध्ये पंच्याहत्तर-ऐंशी. आणि दुसरं, जरा विचित्र वाटेल. ट्रेपाशी जमिनीवर बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि तिथून त्याला काय दिसतं ते बघा. दहा मिनिटं तरी.


गावभागकर
मंगळवार, सकाळी ८:०५

बरोबर बोलतंय पोरगं. आमच्याकडं पाण्याचं भांडं जेवणाच्या ताटलीशेजारी होतं, तेवढं दुसऱ्या खोलीत ठेवलं आणि बोका प्यायला लागला. पितळी तांब्याचं तोंड अरुंद, मिशा टेकतात त्याच्या. पसरट काशाची वाटी ठेवली. कासं म्हणजे उगा श्रीमंती, पण घरात पडून होती.


सुईदोरा
शुक्रवार, दुपारी ३:२०

ब्रेकरवाले जेवायला गेलेत, तेवढ्यात लिहिते.

दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. सुईने लघवी काढली, मी डोळे मिटून घेतले, तात्याने हूं की चूं केलं नाही. भीतीने दगड झाला होता. जंतू नाहीत. खडा नाही. थोडे स्फटिक दिसले, पण तेवढे चालतात म्हणाले. मूत्राशयाची भिंत जाड झालीय. दुखणं कमी व्हायचं औषध दिलं तीन दिवसांचं, आणि वजन कमी करा म्हणाले. तात्याचं. माझंही असेल कदाचित.

पाण्याचं म्हणाल तर तीन भांडी तीन ठिकाणी ठेवली. कोंबडीचं उकडलेलं पाणी करून दिलं, मीठ-कांदा-लसूण काही न घालता (कांदा-लसूण मांजराला चालत नाही हेही आत्ता कळलं, इतके दिवस रश्श्यातले तुकडे धुऊन द्यायचे मी). ते लपालपा प्यायला. पाऊचकडे पहिल्या दिवशी ढुंकून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी कोरड्या दाण्यांत एक चमचा कालवलं, तेव्हा खाल्लं.

आता जमिनीवर बसायचं. मी बुधवारी संध्याकाळी बसले. सासूबाईंनी विचारलं, काय हरवलंय? म्हटलं, सुई.

पडवीला जाळीचं दार आहे. पलीकडे वाड्याची भिंत होती, माझं लग्न झाल्यापासून बघतेय, दगडी, उंच, तिच्यावर पिंपळाचं एक रोपटं. ती भिंत आता नाही. कंबरेइतका ढिगारा उरलाय. उभं राहिलं की तिकडे पोकलेन आणि आभाळ दिसतं, म्हणून माझं कधी लक्षच गेलं नाही. खाली बसले तर ढिगाऱ्याचा माथा बरोबर डोळ्यांसमोर. आणि त्यावर एक पिवळा बोका बसलेला. हे एवढं डोकं, एक कान फाटका. माझ्याकडे बघतोय. पापणी हलवत नाही. त्याच्यापासून ट्रे सहा हातांवर, मध्ये नुसती जाळी.

हा वाड्याच्या माळ्यावर राहायचा म्हणे, तिथल्या भाडेकरूंच्या तुकड्यांवर वाढलेला. भाडेकरू गेले, माळा गेला, आणि तो तिथेच राहिला. मला अंगावर काटा आला. तात्याला रोज दहा वेळा याच्यासमोर बसायचं होतं. मी ब्रेकरला शिव्या घालत होते.

पुढे ऐका. जाळीच्या खालच्या पट्टीवर पिवळट ओघळ होते, ते मी महिनाभर तात्याच्या नावावर खपवले. फिनेलने पुसायचे रोज. हे पण चुकलंय का?


शिरवळ_इंटर्न
शुक्रवार, रात्री ९:५०

काकू, हे तुम्ही शोधलंत, डॉक्टरला हे क्लिनिकमध्ये बसून कधीच कळलं नसतं.

ओघळ उभ्या पट्टीवर असेल तर तो पिवळ्याचा. ऑपरेशन न झालेला बोका शेपटी वर करून मागे फवारा मारतो, हद्द आखायला. तात्याचं जमिनीवर थारोळं असतं, बसून केलेलं. फिनेल बंद करा, तसली जंतुनाशकं मांजराला विषारी असतात, पायाला लागून ते चाटतात. कपड्यांची एन्झाइमवाली पावडर पाण्यात कालवून धुवा, नंतर साध्या पाण्याने. वास पूर्ण गेला नाही तर दोघेही परत तिथेच येतील.

जाळीचा खालचा भाग झाका. दुसरा ट्रे घराच्या आत, शांत कोपऱ्यात, पण जिथून त्याला पळायला दोन वाटा असतील असा. नियम म्हणजे जेवढी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. जुना ट्रे लगेच काढू नका, सगळं एकदम बदललं तर तोही ताणच. उंचावर बसायला जागा द्या. रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं खेळा, दोरीच्या टोकाला चिंधी बांधली तरी पुरते, तुमच्याकडे चिंध्यांना काय तोटा. ४६ मांजरांच्या घरी अशाच गोष्टी करून, दहा महिने मागोवा ठेवून तपासलं गेलंय, आणि त्रासाची लक्षणं कमी झाली होती. वारंवार होणाऱ्यांना मन शांत करणारी औषधंही देतात, पण ती नंतर. आधी घर.


कराडची_मावशी
शनिवार, सकाळी ६:०५

मी गोळीचं लिहिलेलं मागे घेते गं. बाळा शिरवळच्या, तुझं बरोबर. आमच्या शेजारची मांजर अशीच गेली होती एकदा, आता कळतंय कशानं.


सुईदोरा
पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:३०

विसरले नाहीये तुम्हाला, लग्नसराई चालू आहे.

काय काय केलं ते सांगते. जाळीला खालून अडीच फूट जुनं रेक्झिन लावलं, सोफ्याचं होतं. सासूबाई म्हणाल्या, दुकानासारखं दिसतंय. दिसू दे. दुसरा ट्रे कटिंग टेबलाखाली, पुढे नि मागे दोन्हीकडून मोकळा. बाजारातला ट्रे त्याला पुरत नव्हता हे पण तेव्हाच लक्षात आलं, मागचं अर्धं अंग बाहेर राहायचं. आता बांधकामावर असतं तसलं मोठं प्लास्टिकचं घमेलं घेतलंय, दीड तात्या मावेल एवढं. भुसा वखारीतला बारीक, चाळून. वासाचं लिटर आणलं होतं एकदा, गुलाबाचं, त्यात तो एक पाय घालून झटकायचा आणि निघून जायचा.

कपाटावर गोधडी टाकली. तो आधीही तिथेच पळायचा, पण आता तिथे हक्काने झोपतो. फरक मला दिसतो, सांगता येत नाही. पूर्वी पाय पोटाखाली घेऊन बसायचा, आता कुशीवर आडवा.

ब्रेकर चालूच आहे. हे मुद्दाम लिहितेय. रोज नऊ ते सहा. तो दचकतो, कान मागे घेतो, वर जातो. पण शू ट्रेमध्येच, दिवसातून तीनदा, लिंबाएवढे ओले गोळे. मी एका वहीत मापांच्या मागच्या पानावर लिहून ठेवते. छाती ३४, कंबर २८, तात्या ३ वेळा.

एकदा बिघडलं. कोरेगावला लग्नाला गेले, दोन दिवस. सासूबाईंनी खायला घातलं, पण त्यांच्या वेळेने, आणि पाऊच न देता नुसते दाणे, कारण पाऊचचा वास त्यांना सहन होत नाही. परत आले तर न्हाणीत कडप्प्यावर थेंब, आणि तो चाटत बसलेला. रक्त नव्हतं. दुखण्याचं औषध डॉक्टरांना विचारून दिलं, चार दिवसांत ठीक. या वेळी मी ओरडले नाही. खाली बसले त्याच्याशेजारी, कडप्प्यावर, पाठ भिंतीला लावून. तो माझ्याकडे न बघता शेपटी माझ्या पायावर ठेवून बसला.

पाच किलो नऊशे झालाय.


गावभागकर
रविवार, रात्री १०:५१

वा ताई. सणाच्या आधी एक करा. गणपतीत मिरवणुकीचा आवाज वाढायच्या आत त्याची लपायची जागा ठरवून ठेवा, खोका आणि गोधडी, ट्रे जवळ. आवाज सुरू झाल्यावर खोका आणला तर तो खोक्यालाच भितो. आणि ती रात्र शू किती वेळा झाली मोजा. मी अजून मोजतो, बोका नऊ वर्षांचा झाला तरी.


सुईदोरा
रविवार, रात्री ११:१५

ठेवते. आमच्या पेठेत गणपतीत खिडकीच्या काचा थरथरतात.

आता पिवळ्याचं. रेक्झिन लावल्यावर तो दिसत नाही, पण आहे. रात्री ढिगाऱ्यावर रडतो. परवा पायाड बांधायला माणसं आली, त्यांनी दगड मारला त्याला. मी भाकरीचा तुकडा आणि उरलेलं पाऊच पुढच्या दाराशी, म्हणजे पडवीच्या पार विरुद्ध बाजूला, ठेवायला लागलेय. सासूबाईंना वाटतं मी वेडी झालेय. त्याचं घर पाडलं, आणि आम्ही त्याला खलनायक ठरवून बसलो होतो. पण असाच राहिला तर फवारे चालूच राहतील, म्हणून त्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलंय. डॉक्टर तयार आहेत, पण धरून आणा म्हणतात. हाताला येणारा नाही तो, मागच्या आठवड्यात पोत्याने प्रयत्न केला, मनगटावर तीन ओरखडे आणि धनुर्वात-रेबीजची इंजेक्शनं घेऊन बसलेय.

साताऱ्यात कुणाकडे मांजर पकडायचा पिंजरा आहे का, दार आपोआप पडणारा? दोन दिवसांसाठी हवाय. बदल्यात ब्लाउज शिवून देईन, अस्तर माझं.


शिरवळ_इंटर्न
सोमवार, सकाळी ७:१०

रेबीजचे सगळे डोस पूर्ण करा, मधला चुकवू नका. माझ्या ओळखीत एकाकडे पिंजरा आहे, शनिवारी खंबाटकी उतरून साताऱ्याला येतोय, घेऊन येतो. आत बांगडा ठेवा, भाकरी नको. आणि तात्याला त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा, पिंजऱ्याला पिवळ्याचा वास लागलेला असेल.


सुईदोरा
सोमवार, सकाळी ७:२२

ये बाळा. जेवूनच जा. आईच्या ब्लाउजचं माप घेऊन ये.